लांबचं टोचन: कोणती गाडी बोलवायची?

नागपूरच्या वाडीत, अमरावती रोडला, आमच्या घरच्या रिकव्हरी गाड्या आहेत, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या उचलून नेणाऱ्या. चालवतात बाबा आणि भाऊ. फोन मी घेते आणि कोणत्या कामाला कोणती गाडी जाणार तेही मीच ठरवते. पलीकडून पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं, "ताई, एक क्रेन पाठवून द्या ना." बंद पडलेली कार बर्डीवरून वाडीला आणायची असेल तर साधी क्रेन चालून जाते. पण ती जबलपूरला, हैदराबादला किंवा पुण्याला न्यायची असेल, तर योग्य गाडी निवडली की अर्धं काम तिथंच झालं.

आधी दोराचं बोलते, कारण घरोघरी कोणाकडे तरी स्कॉर्पिओ किंवा बोलेरो असते. "जावयाची गाडी आहे, दोर लावून नेऊ का?" जवळच्या गॅरेजपर्यंत न्या. ओढणारी गाडी ओढल्या जाणाऱ्या गाडीपेक्षा वजनदार हवी, चेसिसवर बांधलेली हवी आणि डिझेल असेल तर उत्तम, कारण कमी वेगातही तिला ओढ असते. स्विफ्टने स्विफ्ट ओढली की उड्डाणपुलाच्या चढावर क्लच जळाल्याचा वास सुटलाच म्हणून समजा. दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, मागच्या गाडीत लायसनवाला माणूस हवा आणि तिच्या पाठीवर 'ऑन टो' अशी पाटी हवी. हे कायद्यातच आहे. वेग ताशी पंचविसाच्या आत ठेवा. आता याच वेगाने दीडशे किलोमीटरवरचं अमरावती गाठायला किती तास लागतील ते तुम्हीच मोजा.

वेळेपेक्षाही मला काळजी असते ती मागच्या स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाची. इंजिन बंद असलं की ब्रेक हलका करणारा बूस्टर दोन-तीनदा पाय दाबेपर्यंतच साथ देतो, मग पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होतं. अशा गाडीत कोणाला तासन्‌तास बसवू नका. समृद्धीवर तर दोराचा विचारही नको. तिथे मागून कार ताशी १२० ने येत असतात.

दुसरा पर्याय म्हणजे पुढची किंवा मागची दोन चाकं उचलणारी क्रेन. शहरातल्या शहरात ही सोयीची. लांबच्या कामाला मात्र मी आधी विचारते, गाडीची ओढ कोणत्या चाकांवर आहे? स्विफ्ट, क्रेटा, नेक्सॉन या पुढच्या चाकांवर चालतात, म्हणजे पुढची चाकं उचलली तर मागची मोकळी फिरतात. इनोव्हा क्रिस्टा, बोलेरो, स्कॉर्पिओ यांची ओढ मागे. त्यांना पुढून उचलून रस्त्याला लावलं की मागची चाकं प्रोपेलर शाफ्टसकट गिअरबॉक्स फिरवत राहतात. इंजिन बंद, आणि पुष्कळ ऑटोमॅटिक गाड्यांत ऑइलचा पंप इंजिनवरच चालतो. शंभर किलोमीटरमध्ये गिअरबॉक्सचं काय होईल ते कोणताही मेकॅनिक सांगेल. इलेक्ट्रिक गाडीची ओढीची चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार होऊ लागते. म्हणून इलेक्ट्रिक, ऑटोमॅटिक आणि फोर व्हील ड्राइव्ह या तिन्हींसाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: चारही चाकं वर. लांबच्या कामाला बाकीच्या गाड्यांनाही मी तेच सांगते.

म्हणजे फ्लॅटबेड, अख्खी कार सपाट पाठीवर घेऊन जाणारी गाडी. पण फ्लॅटबेडही सगळे सारखे नसतात, आणि लोक इथे विचारायचं विसरतात. फ्लॅटबेडच्या आरसी बुकावर दोन आकडे असतात, ग्रॉस म्हणजे भरल्यावरचं मंजूर वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. त्यांची वजाबाकी म्हणजे तुमच्या कारसाठी उरलेली जागा. समजा ग्रॉस ५,००० किलो आणि रिकामी गाडी ३,२०० किलो, तर हाती उरले १,८००. स्विफ्ट साधारण ९०० किलोची, आरामात बसते. क्रिस्टा १,८०० च्या वर जाते, त्यात डिक्कीत सामान भरलेलं. ही गाडी तिच्यासाठी नाहीच. फॉर्च्युनर तर दोन टनांच्या पुढे. ड्रायव्हर म्हणेल, "काही होत नाही भाऊ, रोजच नेतो." त्याचं ऐकू नका. इंजिन ओढेल हो, पण उतारावर थांबवायचं ते ब्रेकना. सौंसरच्या पुढे सिल्लेवानीचा घाट उतरताना किंवा सिवनीकडे कुरईच्या बाजूला हा फरक लगेच कळतो. मी गाडी निवडते ती ब्रेक, टायर आणि पासिंग (आरसीवरचं मंजूर वजन) पाहून. इंजिन किती हॉर्सपॉवरचं, हे सगळ्यात शेवटी.

मग लांबी. डिझायर चार मीटरच्या आत, चौदा फुटी बेडवर ती बसते. क्रिस्टा पावणेपाच मीटरची, तिला सतरा फुटी लागतो. मागची चाकं बेडच्या काठावर टेकवून नेणाऱ्या गाडीला सरळ परत पाठवा. उंचीही बघा: बेड आणि वर एसयूव्ही मिळून लोहापुलासारख्या बुटक्या रेल्वेपुलाखाली अडकायची भीती असते, म्हणून शहराबाहेर पडायचा रस्ता आधीच ठरवून घ्या.

बांधणी स्वतः उभं राहून पाहा. गाडी विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) चढवताना हुक बंपरमागच्या आट्यात पूर्ण बसलेला हवा. काही गाड्यांत आटे उलटे असतात आणि घाईत हुक अर्धवटच बसतो. वर चढली की हँडब्रेक, पहिला गिअर, चाकांना लाकडी गुटके. मग पट्टे. पट्टा टायरवरून यावा आणि दोन्ही टोकांनी बेडला ताणला जावा. चारही चाकांना वेगळा. बॉडी किंवा चेसिस खाली खेचून बांधली तर सस्पेन्शन दबलेलं राहतं, खड्ड्यात गाडी उसळते आणि पट्टा सैल पडतो. भाऊ कोंढाळीच्या आधीच एकदा थांबतो आणि चारही रॅचेट, म्हणजे पट्टे ताणायचे खटके, पुन्हा आवळतो. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये पट्टे थोडे बसतातच. जो ड्रायव्हर थांबायला तयार नाही, त्याला गाडी देऊ नका. आणि बेडवरच्या कारमध्ये कोणीही बसायचं नाही, आजारी माणूस असला तरी.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. तेव्हा फ्लॅटबेडचे टायर हात लावून बघा. कडेला भेगा असतील तर दुसरी गाडी मागा. समृद्धीच्या काँक्रीटवर दुपारी भरलेली गाडी सलग पळवण्यापेक्षा संध्याकाळी निघणं बरं. दर तासा-दोन तासांनी थांबा घ्यायला सांगा.

भाडं ठरवताना एक लक्षात ठेवा, गाडी रिकामी परत येणार असेल तर येण्याचे पैसेही तुमच्याच भाड्यात धरलेले असतात. घाई नसेल तर वाडीत परतीची गाडी शोधा. पुण्याहून कार घेऊन आलेला फ्लॅटबेड रिकामा परतण्यापेक्षा कमी भाड्यात तुमची गाडी नेतो. मात्र तीच चौकशी करा: पासिंग, लांबी, टायर, इन्शुरन्स. तुमच्या पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स असला तरी तो किती किलोमीटरपर्यंत आहे ते आधी वाचा.

चढवण्याआधी चारही बाजूंचे आणि ओडोमीटरचे फोटो काढा, आरसी आणि इन्शुरन्सची कॉपी ड्रायव्हरकडे द्या. तुमच्या काचेवरच्या फास्टॅगवर बाहेरून अल्युमिनियम फॉइल लावा, नाहीतर टोलनाक्यावर तुमच्या खात्यातूनही पैसे कापले जाऊ शकतात. तिकडे गाडी घेणाऱ्याला हेच फोटो पाठवून ठेवा आणि दिवसा, उजेडातच उतरवून घ्यायला सांगा.