वॉर्निंग गेली, पण लॉगमधली वेळ उणे झाली

एम्बेडेडमध्ये, म्हणजे छोट्या बोर्डांवर चालणारा सी कोड लिहिण्याच्या कामात, नवीन आलेल्याच्या हाती पहिलं काम बहुतेकदा कंपायलरच्या वॉर्निंग साफ करण्याचं पडतं. माझ्याही पडलं. प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनमध्ये %डी (साध्या इंटची खूण) लिहिलंय आणि दिलंय यूइंट६४ (६४ बिटचा, उणे न होणारा आकडा), अशा डझनभर तक्रारी. सीनियर म्हणाले, "आकड्याच्या आधी कंसात इंट लिही, जातील." लिहिलं, गेल्या.

मग तीन दिवस मी टायमरचा ड्रायव्हर उसवत बसले. बोर्ड चालू झाल्यापासूनचे मायक्रोसेकंद दर सेकंदाला लॉगमध्ये छापत होतो. ३५ मिनिटं ४७ सेकंदांपर्यंत सगळं सुरळीत. एका ओळीत २१४७०००११२, पुढच्याच ओळीत -२१४६९६७१८४. टायमरचं काहीच चुकलं नव्हतं. तो कंसातला इंट, म्हणजे कास्ट, लावून ६४ पैकी वरचे ३२ बिट मीच कापले होते. उरलेल्यांतला सगळ्यात वरचा बिट १ झाला, की इंट तो आकडा उणे धरतो. कंपायलर हेच ओरडून सांगत होता आणि मी त्याचं तोंड बंद केलं.

म्हणून कळकळीने सांगते, व्हॅल्यूला हात लावू नका, स्पेसिफायर, म्हणजे %डी सारखी खूण, बदला. साइझ_टी (मेमरीतला आकार सांगणारा प्रकार) असेल तर %झेडयू. यूइंट६४ असेल तर इनटटाइप्स हेडरमधला पीआरआययू६४ मॅक्रो. यूइंट३२ लाही मॅक्रोच वापरा, कारण लॅपटॉपवर तो अनसाइन्ड इंट असतो आणि एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांसाठीच्या न्यूलिब (छोटी सी लायब्ररी) टूलचेनवर अनसाइन्ड लाँग. लिनक्स कर्नलमध्ये यू६४ साठी सरळ %एलएलयू.

"माझ्या लॅपटॉपवर तर बरोबर येतंय" यावर अजिबात विसंबू नका. तिथे ६४ बिटचा आकडा एका रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतली साठवणीची जागा) मावतो, म्हणून लहान आकडे %डी नेही बरोबर दिसतात. ३२ बिट एआरएमवर फॉरमॅट स्ट्रिंग (%डी असलेला मजकूर) आर० या रजिस्टरमध्ये जाते, ६४ बिटचा आकडा आर२-आर३ या जोडीत, आणि %डी बघतं आर१ मध्ये. त्यापुढे %एस (मजकूर छापायची खूण) असेल तर अर्धा आकडा पत्ता म्हणून वापरला जातो आणि बोर्ड लटकू शकतो.

टीमचं स्वतःचं लॉग फंक्शन असेल तर त्याला जीसीसी कंपायलरचं फॉरमॅट अ‍ॅट्रिब्यूट (हे फंक्शन प्रिंटएफसारखं तपास, ही सूचना) लावलंय का, ते पहिल्याच दिवशी बघा. नसेल तर आतल्या चुकांवर वॉर्निंग येतच नाही. लावल्यावर एकदम शंभर आल्या तरी घाबरू नका, त्या आधीपासूनच तिथे होत्या. दिवसाला दहा काढा.

आणि सगळं नीट करूनही आकड्याच्या जागी नुसती "एलयू" ही अक्षरं छापली गेली, तर स्वतःला दोष देऊ नका. न्यूलिब-नॅनोच्या (न्यूलिबची आणखी छोटी आवृत्ती) प्रिंटएफमध्ये लाँग लाँगची, म्हणजे ६४ बिट आकड्यांची, सोय सहसा नसतेच. तिथे आकड्याचे वरचे आणि खालचे ३२ बिट वेगळे करून हेक्समध्ये छापा.