फॉलआउट ४ मध्ये ॲडहेसिव्ह संपतंय? शेती करा

फॉलआउट ४ या व्हिडिओ गेममध्ये शस्त्रांवर बदल करायला बसलं की पहिल्यांदा संपतं ते ॲडहेसिव्ह, म्हणजे चिकटवायचा माल. डक्ट टेपमधून १ आणि वंडरग्लू या गोंदातून २ मिळतात, म्हणून खेळाडू ढिगारे उपसत बसतात. त्यापेक्षा व्हेजिटेबल स्टार्च शिजवा. ३ कॉर्न, ३ मटफ्रूट, ३ टाटो (ही गेममधली पिकं) आणि १ प्युरिफाइड वॉटर कुकिंग स्टेशनवर टाकलं की त्या स्टार्चमधून ५ ॲडहेसिव्ह निघतात. पर्क (पात्राचं खास कौशल्य) काही लागत नाही.

तिन्ही पिकांची प्रत्येकी ९ रोपं लावा. कॉर्न आणि टाटोचं रोप अर्धा फूड (वस्तीच्या अन्नाचं एकक) देतं, मटफ्रूटचं १, एकूण १८. एक सेटलर (वस्तीत राहणारा माणूस) ६ फूड सांभाळतो, म्हणजे तीन माणसं पुरतात. एका तोडणीत स्टार्चचे तीन घाणे, म्हणजे १५ ॲडहेसिव्ह. वाइल्ड मटफ्रूट मात्र लावता येत नाही, बियाण्याला साधंच हवं.

घोळ बहुतेकदा पाण्यात होतो. वर्कशॉपमध्ये (वस्तीच्या सामायिक साठवणीत) पाण्याचा साठा ठरावीक मर्यादेपर्यंत गेला की नवं पाणी जमा होणं थांबतं, तेव्हा ते काढून वेगळ्या पेटीत ठेवा. हल्ल्यानंतर रोपं कोमेजली असतील तर दुरुस्तीला त्याच पिकाचा एक नग लागतो. सगळं शिजवून टाकू नका. तयार स्टार्च वर्कशॉपमध्ये ठेवलं की गरजेप्रमाणे आपोआप वापरलं जातं. लोकल लीडर पर्क घेऊन (त्यासाठी करिश्मा हा गुण ६ लागतो) सप्लाय लाइन, म्हणजे वस्त्यांमधला मालाचा दुवा, जोडली, तर हेच स्टार्च जोडलेल्या दुसऱ्या वस्तीतही चालतं.