जुन्या बोटीला फोमची मॅट चिकटवण्याआधी

गेल्या मे महिन्यात मी आमच्या १८ फुटी फायबर बोटीच्या डेकवर फोमची मॅट चिकटवली आणि गणपती यायच्या आत काढून टाकली. काढायला कष्टही पडले नाहीत. कोपऱ्याला धरून ओढलं की केळ्याच्या सालीसारखी येत होती. मागचा गोंद ठणठणीत होता, फक्त त्याच्यावर सगळीकडे पांढरं पीठ होतं. ते पीठ बोटीचं. गोंद पिठाला चिकटला होता, बोटीला चिकटलाच नव्हता. पावडर थापलेल्या कपाळावर टिकली लावली की जे होतं, ते.

आता दिवाळीनंतर पुन्हा तेच काम काढलंय. मावसभाऊ म्हणाला, "अण्णा, या वेळी आधी लिहून काढ, मगच हात लाव." म्हणून ही यादी.

तर पहिलं. कोरड्या डेकवर तळहात दाबून फिरवा. हात पांढरा झाला का? झाला असेल तर बाकीचं सामान पिशवीतच राहू द्या.

फायबर बोटीचा वरचा थर म्हणजे जेलकोट, जाडीला साधारण अर्धा मिलिमीटर. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्यातलं रेझिन, म्हणजे रंगाची भुकटी बांधून ठेवणारा पदार्थ, कुजतं आणि ती भुकटी सुटी होऊन वर येते. आपल्या बोटी उन्हाळ्यात कुठे असतात ते सांगायला नको. उजनी धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपला, की पाणी मागे सरतं आणि बोट भेगाळलेल्या गाळावर ४२-४३ अंशांत दोन-तीन महिने पडून राहते. असे दहा उन्हाळे काढलेल्या बोटीला पीठ सुटणारच.

मी काय केलं होतं, तर ॲसिटोनने दोनदा पुसलं होतं. ओलं असताना डेक गडद आणि चकचकीत दिसतं, मन भरतं. मिनिटभरात ॲसिटोन उडून जातं आणि पीठ जागच्या जागी. ॲसिटोन ओशटपणा काढतं, पीठ काढत नाही. पीठ घासूनच काढावं लागतं. किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या एका मामांनी तेव्हाच सांगितलं होतं, "साहेब, हाताला चुना लागतोय की वो." मी म्हटलं, धूळ आहे मामा. ते काही बोलले नाहीत, पुन्हा जाळ्याकडे वळले.

मुहूर्त. मे महिन्यात बोट रिकामी असते म्हणून सगळे तेव्हाच हे काम काढतात. मीही काढलं. तापलेल्या डेकवर गोंद टेकताक्षणी धरतो, तुकडा सरकवून नीट करायला सवड देत नाही. शिवाय फोम उन्हात फुगतो. दुपारी फुगलेला तुकडा शेजारच्याला घट्ट भिडवून बसवला की रात्री तो आक्रसतो आणि मध्ये फट पडते. पावसाळ्याचं तर नावच नको. दिवाळीनंतरचे दिवस बरे. रोहित पक्षी बघायला येणारी गर्दी तोवर वाढलेली नसते. पण तेव्हा पाण्याकाठी पहाटे दव पडतं, त्यामुळे नऊ-साडेनऊच्या आत चिकटवायला घेऊ नका. हाताला कोरडं लागलं म्हणजे कोरडं असतंच असं नाही. सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या, म्हणजे जानेवारीतल्या, दिवसांवर ढकलू नका. तेव्हा थंडी जास्त असते, थंडीत गोंद नीट धरत नाही, आणि घरातलं कुणी मदतीला मिळत नाही ते वेगळंच.

सावली लागतेच. एका मित्राने त्याची यंत्रमागाची शेड देऊ केली. मोठी, पत्र्याची, चारी बाजूंनी बंद. मी हात जोडले. तिथे हवेतच तूस असतो, उघड्या गोंदावर तो बसला की झालं. त्यापेक्षा वीटभट्टीवाल्याकडची ताडपत्री उंच बांधा. उंच म्हणजे उंच. डेकला टेकली की खालून घाम धरते.

सामान सांगतो, सगळं सोलापुरात मिळतं. कटर आणि भरपूर नवी पाती, स्टीलची पट्टी, मास्किंग टेप, १२० आणि २२० नंबरचा पॉलिशपेपर, रबरी रोलर, ॲसिटोन, हातमोजे, मास्क. पुसायला कापड लागतं. आपल्याकडे टॉवेलला तोटा नाही, पण नवा टॉवेल घेऊ नका, त्याचे तंतू सुटतात. शंभरदा धुतलेलं आजोबांचं धोतर असेल तर उत्तम. ॲसिटोन भडकतं. विडीवाल्यांना लांब बसवा, आणि डेकवर कुणी वरून रंग मारलेला असेल तर आधी कोपऱ्यात थेंबभर लावून बघा, रंग विरघळतो.

फोम घेताना ईव्हीएचा (चपलांच्या तळव्याला असतो तसला), मागे गोंद आणि त्यावर कागद असलेला, ५-६ मिलिमीटरचा, बारीक बंद छिद्रांचा घ्या. स्पंजासारखा पाणी पिणारा नको. रंग फिका. काळा फोटोत छान दिसतो, पण मार्चच्या दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा. माझा पहिला काळाच होता. कॅमेरेवाले पाहुणे गुडघे टेकून बसतात, त्यातल्या एकाने टेकलेला गुडघा जो उचलला तो परत टेकला नाही. शीट गुंडाळून आलेली असते. आदल्या दिवशी सावलीत सपाट पसरून ठेवा. नाहीतर कडा वळलेल्याच राहतात आणि गोंदाचं अर्धं बळ कडा दाबून धरण्यातच जातं.

आता बोट. डेकवरचं जेवढं निघतं तेवढं काढा, स्क्रू डब्यात. मग दहा रुपयांचं नाणं घेऊन वीतभर अंतरावर ठोकत जा. टणटण वाजलं तर ठीक. ढब्ब वाजलं किंवा पायाखाली दबलं तर आतलं प्लायवूड कुजलंय. त्यावर मॅट घालू नका. वरून छान दिसेल आणि खाली कुजणं चालूच राहील. ते आधी उघडा, हे वेगळं काम आहे आणि ते टळत नाही. बारीक तडे रेझिनने भरा. हवेत सुकणाऱ्या पॉलिएस्टर जेलकोटमध्ये मेण असतं, सुकताना ते वर येतं, म्हणून भरलेली जागाही घासायची. इपॉक्सी वापरलं तर सुकल्यावर वर कधीकधी ओशट पापुद्रा धरतो, तो साबण-पाण्याने धुवा. त्याशिवाय घासलं तर पॉलिशपेपर भरून जातो.

झाकणांच्या कडेला जुनं सिलिकॉन असेल तर ते शेवटच्या कणापर्यंत खरवडा. सिलिकॉनवर काहीही चिकटत नाही. जुन्या मॅटचा गोंद राहिला असेल तर हेअर ड्रायरने गरम करून प्लास्टिकच्या पट्टीने ढकला. जुनं एटीएम कार्ड चालतं. रॉकेल लावून काढायची युक्ती सगळे सांगतात. रॉकेल मागे तेलकट थर सोडतं, मग तो काढत बसा.

मेण. सेकंडहँड बोट विकताना मालक वरून गाडीचं पॉलिश मारून देतात, पीठ दिसू नये म्हणून. मला बोट विकणाऱ्यानेही मारलं होतं, त्याचं नाव घेत नाही. म्हणून आधी साबण-पाणी, मग ॲसिटोन, आणि त्यानंतर पॉलिशपेपर. हा क्रम उलटा झाला तर मेण घासून घासून जेलकोटमध्ये बसतं. ॲसिटोनचं कापड दर दोन-तीन हातांना बदला, नाहीतर इथली घाण तिथे.

आणि आता पीठ. पुन्हा पीठ. १२० नंबर, पाणी मारत ओलं घासा. कोरडं घासलं तर फायबरची भुकटी उडते, खाज सुटते, छातीत जाते. मास्क लावाच, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. मधूनमधून पांढरं दुधासारखं पाणी निघतं, ते वाहून जाऊ द्या, त्यातच घासत बसू नका. चकाकी सगळीकडे सारखी गेली, कुठेही खडूसारखा डाग उरला नाही, की २२० चा एक हात. खाली धागे किंवा वेगळा रंग दिसायला लागला तर थांबा, जेलकोट संपला. न घसरण्यासाठीचे उंच दाणे असतील तर तेही उतरवा. दाण्यांच्या टोकांवर बसलेला गोंद म्हणजे चार बोटांवर पेललेली चटई.

धुवायला पाणी सढळ लागतं. शहरात करत असाल तर नळाला पाणी येण्याचा दिवस बघून काम काढा, चार दिवस थांबायची वेळ आणू नका. बोअरचं पाणी वापरलंत तर ते वाळू देऊ नका. क्षाराचा पांढरा थर बसतो आणि मग तो क्षार की पीठ हेच कळत नाही. शेवटचा हात जारच्या पाण्याचा, लगेच पुसून.

वाळल्यावर परीक्षा. तळहात फिरवा. काळं कापड फिरवा. खाकी पॅकिंग टेपचा तुकडा दाबून बसवा, झटक्यात ओढा आणि त्याची मागची बाजू उजेडात बघा. पांढरं दिसलं? परत घासा. पाणी शिंपडा. मोत्यासारखे थेंब उभे राहिले तर मेण शिल्लक आहे, पाणी सपाट पसरलं तर पास. ही टेपची परीक्षा एका जागी घेऊन मोकळे होऊ नका. मधला भाग पायांनी घासला जातो, तिथे पीठ कमी असतं. खरं पीठ कडेला आणि सीटखाली, जिथून मॅट सुटायला सुरुवात होते तिथेच. दहा-बारा ठिकाणी टेप लावा. कंटाळा येईल. मला पहिल्या वेळी कंटाळा आला होता.

नमुन्याचे कागद. युनिफॉर्म शिवणाऱ्या एखाद्या कटिंग मास्टरकडून त्यांचा खाकी कागद मागून आणा. रुंद असतो, फाटत नाही. डेकवर टेपने बसवून कडा आखा. कडेपासून बोटभर आत राहा, पाणी जायची भोकं, झाकणांचे बिजागर, पेट्रोलचं तोंड मोकळं सोडा. कोपरे टोकदार नकोत, टोक आधी उचलतं. वाटी उपडी ठेवून गोल आखा. दोन तुकड्यांमध्ये ५-६ मिलिमीटरची फट ठेवा, पाणी वाहतं आणि फोमला फुगायला जागा राहते. प्रत्येक कागदावर 'वर' आणि 'पुढे' लिहा. नाहीतर डाव्या बाजूचे दोन तुकडे तयार होतात. हे मी केलेलं नाही, मावसभावाने केलंय, पण त्याला मान्य नाही.

कापा. पातं बोथट झालं की बदला. सगळे तुकडे न चिकटवता मांडून बघा, टेपने खुणा करा.

चिकटवायच्या सकाळी ॲसिटोनचा एक कोरडासा हात, उडून जाऊ द्या. आणि हो, त्याआधी तळहात. रात्रीत काही बसलं असेल. मागचा कागद एकदम सोलू नका, वीतभर सोला, खुणेला लावा, मग एकाने कागद ओढत जायचं आणि दुसऱ्याने दाबत. ताणू नका. मधून कडेकडे रोलर, अंगाचं वजन टाकून. हा गोंद दाबाने धरतो, नुसता ठेवून नाही. चुकलं तर लगेच उचला, पाच मिनिटांनी उचलणार नाही. निदान उचलू नये.

२४ तास पाय नाही. ७२ तास पाणी नाही. कडा दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबा. धुवायला साबण-पाणी आणि मऊ ब्रश, प्रेशर पंपाचा फवारा कडेवर मारू नका.

तुकडे उरतील. मावसभावाला एक त्याच्या स्कूटीच्या पायदानावर हवाय. स्कूटीही उन्हातच उभी असते, त्याला म्हटलं आधी हात फिरव.