जेलमधल्या माणसाला हक्कासाठी कोर्टात जायचंय, तर सुरुवात कुठून करायची

आपला माणूस नाशिकरोड सेंट्रल जेलला असेल आणि आत औषध मिळत नाही, मारहाण झाली, फर्लोचा (शिक्षा झालेल्या कैद्याला मिळणाऱ्या रजेचा) अर्ज अडकलाय असं काही झालं की घरचे पहिलं हेच विचारतात, हायकोर्टाचा खर्च किती. थांबा जरा, आधी एक साधा अर्ज करा.

जेल अधीक्षकांच्या नावाने, एका पानात. काय झालं, कोणत्या तारखेला, कोणत्या बराकीत, कोणी बघितलं, आणि नेमकं काय पाहिजे. "घोर अन्याय झाला" चार वेळा लिहून काही होत नाही, "१२ तारखेपासून बीपीची गोळी मिळाली नाही" एवढं एक वाक्य पुरतं. आतला माणूस आतून देईल, तुम्ही बाहेरून तोच मजकूर स्पीड पोस्टने पाठवा आणि डिलिव्हरी झाल्याची प्रिंट लगेच काढून ठेवा. माझ्या मावसभावाच्या वेळी (जेल दुसरीकडचं होतं) आम्ही तीन महिने नुसतं तोंडी सांगत बसलो आणि वकिलांनी विचारलं अर्जाची पोच कुठेय, तर आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय.

वकिलाचं म्हणाल तर कोठडीतल्या माणसाला तो फुकट मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२, उत्पन्नाची अट नाही, कच्चा कैदी असो की शिक्षा झालेला. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा नाहीतर १५१०० ला फोन लावा. फुकटचा वकील म्हणून नाक मुरडू नका. वकीलपत्रावर सही मात्र आतच, जेलच्या अधिकाऱ्यासमोर होते, त्यात दिवस जातात ते धरून चाला.

आता दोन रस्ते आहेत आणि लोक इथेच गोंधळतात. त्रास आत्ता चालू आहे, तो थांबवायचाय, तर राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात रिट, म्हणजे सरकारला आदेश द्या अशी याचिका. नाशिकचं रिट मुंबईला जातं, संभाजीनगरच्या खंडपीठाकडे नाही, म्हणजे पंचवटी एक्सप्रेस आलीच. फाइल केलं की रजिस्ट्री (कागद तपासणारं कोर्टाचं ऑफिस) ऑब्जेक्शन काढते, पान पुसट आहे, सही राहिली, ते दूर करा, मग सरकारला नोटीस, मग त्यांचं अ‍ॅफिडेव्हिट, आणि त्यात बहुतेक वेळा "असं काही घडलंच नाही" असतं, तेव्हा तुमची ती पोच कामाला येते. अगदीच कोणी नसेल तर पत्रसुद्धा चालतं, तिहारमधल्या सुनील बत्राने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल लिहिलेलं पत्रच सुप्रीम कोर्टाने याचिका म्हणून घेतलं, निकाल डिसेंबर १९७९ चा. पण पत्रावर सुनावणी होईलच असं धरू नका.

झालेल्या नुकसानीचे पैसे पाहिजेत तर दिवाणी दावा, नाशिकलाच. सरकारवर दावा म्हणून आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस आणि दोन महिने थांबायचं. कोर्ट फी परवडत नसेल तर निर्धन म्हणून परवानगी मागता येते. रिटमध्येही भरपाई मिळू शकते, बिहारच्या रुदुल शाहला १९८३ मध्ये मिळाली, कोर्टाने निर्दोष ठरवूनही १४ वर्षं आत ठेवलेलं त्याला, आणि कोर्टाने वर सांगितलं की दावा वेगळा करायचा तर कर. पण एवढं उघड प्रकरण सगळ्यांचं नसतं.

मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून एका वर्षाच्या आत. आणि मध्येच माणसाला दुसऱ्या जेलला हलवलं तर त्याच दिवशी वकिलांना कळवा, नाहीतर कागद नाशिकरोडला आणि सही करणारा भलतीकडेच.