हे ट्विन रोलिंगचे की तुमच्या एमरी पेपरचे? सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं धातूचं सॅम्पल बनवताना या चुका टाळा

कोल्ड रोलिंग केलेल्या (न तापवता रोलरमधून दाबलेल्या) शुद्ध टायटॅनियमचे सूक्ष्मदर्शकातले फोटो घेऊन कोणी आलं, की मी आधी विचारते: रोल न केलेला, अनील केलेला (तापवून मऊ केलेला) तुकडा अगदी असाच पॉलिश करून पाहिलात का? बहुतेकांनी पाहिलेला नसतो.

इम्प्लांटच्या टायटॅनियमवर प्रोजेक्ट करणाऱ्या एका मुलाच्या फोटोंत प्रत्येक ग्रेनमध्ये (धातूतल्या स्फटिककणात) ट्विनच्या, म्हणजे दाबामुळे स्फटिकाचा भाग आरशातल्या प्रतिमेसारखा उलटल्याच्या, पट्ट्याच पट्ट्या होत्या. रोलिंगने जाडी १० टक्के कमी केलेली, निष्कर्ष लिहून तयार. त्याला अनील केलेला तुकडा तयार करायला लावला, तर त्यातही तशाच पट्ट्या! कटर दाबून चालवलेला, एमरी पेपर झिजलेला, शेवटी १ मायक्रॉनच्या डायमंड पेस्टवर बराच वेळ रगडलेलं. शुद्ध टायटॅनियम मऊ, रचना षट्कोनी. सी-अक्षाच्या (षट्कोनाच्या उभ्या अक्षाच्या) दिशेने दाब आला की स्फटिकाच्या थरांना एकमेकांवरून सहज सरकता (स्लिप होता) येत नाही, मग ट्विन पडतात. वरून आरशासारखी चमक येते, खाली चुरडलेला थर तसाच राहतो आणि एचिंग केलं (रसायनाने पृष्ठभाग हलका खाल्ला) की उघडा पडतो.

मी भरपूर कूलंट सोडून सावकाश कापते, पेपर नवा घेते. शेवटचं पॉलिशिंग कोलॉइडल सिलिकात (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असलेल्या द्रवात) थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून. घासण्याच्या जोडीला रसायनही तो थर खातं. मध्ये क्रॉल्स रिएजंटने (ॲसिडच्या मिश्रणाने) हलकं एचिंग, मग पुन्हा पॉलिश. पोलराइज्ड लाइटखाली ग्रेन स्वच्छ दिसेपर्यंत हेच चालू. एवढा धीर नसेल तर हे काम घेऊ नका. हा धातू माणसाच्या हाडात बसणार आहे.

नायटिनॉल (आकार लक्षात ठेवणारा निकेल-टायटॅनियम मिश्रधातू) बेकलाइट प्लॅस्टिकमध्ये गरम माउंट करू (बसवू) नका. साधारण १५० अंशांच्या उष्णतेने वाकवताना तयार झालेलं मार्टेन्साइट (बदललेली स्फटिकरचना) बरंचसं परत फिरतं आणि जे बघायचं तेच पुसलं जातं. कोल्ड माउंटिंगचं इपॉक्सी वापरा.

कोबाल्ट-क्रोमियमवर जोरात ग्राइंडिंग केलं की पृष्ठभागावरची एफसीसी (घनाकार) स्फटिकरचना एचसीपी (षट्कोनी) होते. एक्स-रे डिफ्रॅक्शनने रचना तपासण्याआधी इलेक्ट्रोपॉलिश (विजेच्या साहाय्याने वरचा थर विरघळवणं) कराच.

३१६ एल स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर रोलिंगची दिशा कापण्याआधी खुणेने दाखवा. रोलिंगच्या दिशेला आडवा छेद घेऊन ‘ग्रेन लांबले नाहीत’ असं लिहिणारे दर वर्षी भेटतात.

क्रॉल्समध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. त्याच्या भाजण्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल, तर बाटली उघडूच नका.