कार्यवाह झालात? आधी कपाट उघडा

२०१७ च्या सर्वसाधारण सभेला आम्ही अकरा जण होतो. त्यातले तिघे शेजारच्या वाचनालयात आले होते, ते चहा होतोय म्हणून थांबले. अध्यक्षांनी विचारलं, "कार्यवाह कोण होतंय?" आणि सगळे पंख्याकडे बघायला लागले. मग कोणीतरी म्हणालं, "ताईंना हिशेब येतो." मी पतसंस्थेत नोकरी करते, एवढाच माझा गुन्हा. टाळ्या वाजल्या आणि कृष्णाकाठच्या आमच्या हौशी नाट्यसंस्थेची मी कार्यवाह झाले.

असं कार्यवाहपद गळ्यात पडलेले पुष्कळ जण माझ्या ओळखीचे आहेत. नाट्यसंस्था, व्याख्यानमाला, संगीत मंडळ, सगळीकडे तऱ्हा तीच. नव्याने पडणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

पहिल्या आठवड्यात दिग्दर्शकाला भेटू नका, कपाट उघडा. आमच्या कपाटात दोन खोट्या दाढ्या, तीन रबरी शिक्के, वाळवी लागलेली पावतीपुस्तकं आणि इतिवृत्ताची वही होती. वहीतली शेवटची नोंद अशी: "सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते असे ठरले की". पुढे कोरं. काय ठरलं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक, आणि ते गृहस्थ मुलाकडे बंगळुरूला गेलेले. तेव्हा मी खूप हसले. सहा महिन्यांनी बँकेत गेले आणि हसू गेलं. आमच्यासारख्या संस्थांची नोंदणी जिथे असते त्या धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीप्रमाणे आमचे सात विश्वस्त होते. त्यातले चार वारलेले. दर तीन वर्षांनी निवडणूक व्हायची, हार घातले जायचे, पण बदल अर्ज कोणी केलाच नव्हता. कागदोपत्री संस्था स्वर्गातून चालत होती.

नियम साधा आहे: विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. उशीर झाला तर माफीचा अर्ज, मृत्यूचे दाखले, जुन्या सभांच्या नोटिसा, आणि नोटिसा सापडल्या नाहीत तर वकिलाच्या फेऱ्या. माझं पहिलं दीड वर्ष त्यातच गेलं. त्या काळात नाटक एकच झालं, आणि त्याच्या तालमीला मी चार वेळाही गेले नसेन. "ताई, तुम्हाला नाटकात रसच नाही," असं एका तरुण नटाने ऐकवलं. लागलं मनाला. पण पुढे कागद पुरे पडले नाहीत तेव्हा किंमतही मोजली. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर (त्यालाच सीएसआर म्हणतात) खर्च करावे लागतात आणि त्या यादीत कला-संस्कृतीही आहे. जवळच्या एका कारखान्याचे अधिकारी प्रकाशयंत्रणेसाठी पैसे द्यायला तयार झाले होते. त्यांनी बारा-ए (संस्थेला आयकरात सूट), ऐंशी-जी (देणगीदाराला आयकरात सवलत) आणि सीएसआरची नोंदणी मागितली. आमच्याकडे ऐंशी-जी नव्हतं. पैसे गेले. ती चूक माझी, कारण तोवर मला पद मिळून पाच वर्षं झाली होती.

नाटकाचेही कागद असतात, तेही कार्यवाहाच्याच डोक्यावर. लेखकाची लेखी परवानगी, संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, नाट्यगृहाचं आरक्षण. यातलं एक राहिलं की राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीच्या तोंडावर धावपळ ठरलेली. लेखकाचं मानधन प्रयोगाआधी द्या. प्रयोगानंतर पैसे उरत नाहीत, आणि मग "पुढच्या प्रयोगाला देऊ" सुरू होतं.

आता दिग्दर्शक. आमचे दिग्दर्शक गुणी, पण नेपथ्याचं वेड. एका स्पर्धेला त्यांना तीन पातळ्यांचा वाडा हवा होता, वर फिरता जिना. मी खतावणी समोर ठेवली आणि एकच पातळी जमेल म्हणून सांगितलं. ते पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी दोन लेव्हल्स आणि एक शिडी एवढ्यावर नाटक बसवलं. बरं बसवलं. मला वाटायचं नेतृत्व म्हणजे स्टेजवर हार घेणारा माणूस. आमच्याकडे ते बहुतेक वेळा "नाही" कोण म्हणतं आणि म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी तालमीला चहा घेऊन कोण येतं, एवढ्यावर येऊन थांबतं.

भांडणं होणारच. मुंबईच्या 'रंगायन' या नाट्यसंस्थेतून अरविंद आणि सुलभा देशपांडे बाहेर पडले आणि १९७१ साली त्यांची 'आविष्कार' उभी राहिली. पुण्यात पीडीए म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनमधून तरुण मंडळी निघाली आणि १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी झाली. मराठी रंगभूमीचं त्यात नुकसान झालं असं कोण म्हणेल? 'आविष्कार'ने तर दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह धरलं आणि तिथे दुसऱ्या संस्थांच्या नाटकांनाही जागा मिळाली. स्वतःचं नाटक करणं सगळ्यांना येतं. दुसऱ्याच्या नाटकासाठी दार उघडं ठेवणारी संस्था विरळा. फुटायचं असेल तर जरूर फुटा, फक्त त्याआधी हिशेब मिटवा. मी पाहिलेल्या दोन फुटींमध्ये तत्त्व कुठेच नव्हतं. भांडण कपडेपटाच्या ट्रंकांवरून होतं.

आणि प्रेक्षक? दुसऱ्या वर्षी मी तिकीटखिडकीत बसले. आले ऐंशीएक लोक, आणि त्यातल्या सत्तर जणांना मी नावाने ओळखत होते. गाव आमच्या नाटकाला येत नव्हतं, आमचे नातेवाईक येत होते. तालमीच्या हॉलसमोर एका मावशींची चहाची गाडी आहे. अकरा वर्षं त्या आमच्या तालमींना चहा देत होत्या. मी विचारलं, "मावशी, नाटक बघायला का येत नाही?" त्या म्हणाल्या, "ते पासवाल्यांचं असतं न्हवं?"

त्या वाक्यावर मी बरेच दिवस अडकले. सांगलीकडच्या माणसाला तर ते जास्तच टोचावं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत मराठी नाटकाचा पहिला खेळ केला तो सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये राजेसाहेब गेले, आश्रय आटला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं, तिकीट लावून मुंबईत खेळ करावे लागले. म्हणजे तिकीट काढून येणाऱ्या अनोळखी माणसावर ही रंगभूमी जगली. आणि आम्ही पाच नोव्हेंबरला रंगभूमी दिनाची घंटा वाजवून नटराजाला हार घालत होतो, समोरच्या गाडीवाल्या मावशींना मात्र आत बोलावलं नव्हतं.

पुढच्या नाटकाची रंगीत तालीम आम्ही गल्लीला खुली ठेवली. दिग्दर्शक नाखूश होते. त्यांची भीती खरीही ठरली: एक बाळ रडलं, दोघांचे फोन वाजले, आणि मरणाच्या प्रवेशात मेलेल्या माणसाने नाक खाजवल्यावर सगळी गल्ली हसली. पण तालमीनंतर मावशी आमच्या नायिकेला म्हणाल्या, "पोरी, तू पीठ मळतीस खरं, पण बांगड्या मागं सारत न्हाईस. आन् हात परातीत असताना पदर सावरायचा तर मनगटानं, बोटं पिठाची असत्यात." त्यांनी रिकाम्या हवेत करून दाखवलं: डाव्या हाताने उजव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे, मग मनगटाच्या मागच्या बाजूने पदर खांद्यावर. दिग्दर्शकांनी वही काढून लिहून घेतलं. स्पर्धेत आम्हाला काही मिळालं नाही, पण त्या प्रवेशाला प्रेक्षागृह गप्प झालं होतं, ते मी विंगेतून पाहिलं.

तेव्हापासून हॉलची एक किल्ली मावशींकडे असते. कार्यकारिणीत दोघांनी हरकत घेतली, ती मी इतिवृत्तात नोंदवली. हरकत नोंदवावी, नंतर उपयोगी पडते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. मी मिरजेत बहिणीकडे अडकले होते. हॉलमध्ये पाणी शिरलं तेव्हा कार्यकारिणीतलं कोणीच जवळपास नव्हतं. मावशींची दोन मुलं आणि गल्लीतली पोरं यांनी कपडेपटाच्या दोन ट्रंका आणि कपाटातले कागद शाळेच्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवले. स्वतःच्या घरातलं सामान नेताना आमचंही नेलं. प्रकाशयोजनेचे डिमर आणि स्पॉट मात्र गेले, लाकडी लेव्हल्स फुगून वाकल्या. पाणी ओसरल्यावर शाळेच्या गच्चीत दोरीवर नऊवाऱ्या, अंगरखे, पेशवाई पगड्या वाळत होत्या आणि खालून जाणारा माणूस थांबून विचारत होता, "हे कुठलं नाटक?" त्या आठवड्यात आमचे एकोणतीस नवे सभासद झाले, आणि वर्गणी तर मी मागितलीही नव्हती.

या सगळ्याचा अहवालात रकाना कुठला? देणगीदार विचारतात, किती प्रयोग, किती प्रेक्षक, किती पारितोषिकं. ते आकडे द्यावेतच, लबाडी न करता. मी त्याच्या जोडीला एक वही ठेवते: हॉल कोणी कशासाठी वापरला. दहावीची मुलं अभ्यासाला, भजनी मंडळ गुरुवारी, एकदा साखरपुडा, दुसऱ्या संस्थेची एकांकिका. अनुदान मागताना ती वही कधी कधी पारितोषिकांपेक्षा जास्त वेळ चाळली जाते.

मावशी आता सभासद आहेत, पावती फाडून. पुढच्या रांगेत बसा म्हटलं तरी बसत नाहीत. दाराजवळची खुर्ची धरतात आणि पहिला अंक संपत आला की हळूच उठतात, कारण मध्यंतराचा चहा त्यांचाच असतो.