ग्रुपवर शंभर लिंका, वर्गात एकही नाही: शिकवण्याचं साहित्य शोधायचं आणि वाटायचं कसं

शाळेच्या, केंद्राच्या, विषयाच्या अशा कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साहित्याचा दुष्काळ नाही. पीडीएफ येतात, व्हिडिओ येतात, 'खूप उपयुक्त, नक्की पाहा' येतं, आणि उद्या तिसऱ्या तासाला अपूर्णांकांचा भागाकार शिकवायचा असला की हाती काहीच लागत नाही. कारण फॉरवर्ड करणाऱ्याने ते वर्गात वापरलेलं नसतं आणि ते कोणत्या पाठासाठी आहे हेही लिहिलेलं नसतं. म्हणून इथे शोधण्याइतकाच भर नोंदीवर दिला आहे.

शोध पाठ्यपुस्तकापासून

थेट गूगलवर जाऊ नका. आधी पुस्तकातला पाठ आणि अध्ययन निष्पत्ती (त्यातून मुलांना काय यायला हवं) पाहा. बालभारतीच्या पुस्तकांत निष्पत्तींना ०६.७१.०३ असे क्रमांक असतात. पहिले दोन अंक इयत्तेचे, मधले विषयाचे (७१ म्हणजे गणित), शेवटचे त्या निष्पत्तीचे. पुस्तक बदलतं, पानं पुढेमागे होतात, एकच पुस्तक कधी एका तर कधी चार भागांत येतं, त्यामुळे 'पान ४२ साठी' ही नोंद वर्षभरात निकामी होते. पाठाचं नाव आणि निष्पत्ती लिहिली तर ती जास्त टिकते.

मग पाठाजवळचा क्यूआर कोड दीक्षा या शासनाच्या शालेय अ‍ॅपमधून स्कॅन करा. नुसत्या कॅमेऱ्याने नाही, अ‍ॅपमधल्या स्कॅनरनेच. लॅमिनेशनची चमक किंवा पुसट छपाई यामुळे स्कॅन झालं नाही, तर कोडखाली छापलेला सहा अक्षरांचा संकेत हाताने टाइप करा. रिकामं पान दिसलं तर बहुतेक वेळा अ‍ॅपमधली मंडळ, माध्यम, इयत्ता ही निवड चुकलेली असते. नागपुरात हे फार होतं, कारण एकाच आवारात मराठी आणि हिंदी माध्यमाचे वर्ग असतात आणि फोन एकच. सापडलेला घटक शाळेत किंवा घरी वायफायवर असतानाच डाउनलोड करून ठेवा. जिल्ह्यातल्या देवलापार, पारशिवनीच्या जंगलपट्टीत रेंजच्या भरवशावर तास ठेवणं म्हणजे तास गमावणं.

दीक्षात समाधान झालं नाही तरच बाहेर पडा. शोधताना पुस्तकातलाच शब्द टाका. 'अपूर्णांक' टाकलं की मराठी साहित्य येतं, 'भिन्न' टाकलं की हिंदी. तसंच परिमिती आणि परिमाप, घनफळ आणि आयतन. हिंदी माध्यमाच्या सहकाऱ्यांसाठी शोधत असाल तर दुसरा शब्द वापरा. छापण्याजोगी पत्रकं हवी असतील तर शोधशब्दांनंतर इंग्रजीत फाइलटाइप, कोलन आणि पीडीएफ हे मध्ये जागा न सोडता लिहा. नुसत्या पीडीएफ फायली समोर येतात. यूट्यूबवर कालावधीचं फिल्टर लावून तासाभराची व्याख्यानं आधीच बाजूला काढा. पस्तीस मिनिटांच्या तासात आठ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ चालवला की मागच्या बाकांवर गप्पा सुरू झाल्याच म्हणून समजा.

काही जागा मात्र शोधयंत्राकडे न जाता थेट उघडाव्यात अशा आहेत. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून सुरू आहे. गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांवर लावलेल्या आहेत, मराठी भरपूर आहे, आणि पीडीएफ उतरवून छापताही येते. पहिली-दुसरीला पातळी १ची गोष्ट मोठ्या अक्षरात टीव्हीवर लावून सामूहिक वाचन छान होतं. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायची खेळणी आणि मराठी पुस्तकं मोफत आहेत. विज्ञान प्रदर्शनाच्या आधी तिथे जावं, बाजारातल्या तयार मॉडेलांकडे नाही. कोलोरॅडो विद्यापीठाची पेट (PhET) सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, विज्ञान-गणितासाठी आहेत. त्यातली बरीच मराठीत भाषांतरित आहेत आणि एकदा उतरवून घेतली की ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालतात. भूमितीला जिओजेब्रा हे आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर. संदर्भासाठी मराठी विश्वकोश. आणि किविक्स नावाचं सॉफ्टवेअर संगणकावर घातलं तर मराठी विकिपीडिया पूर्ण ऑफलाइन मिळतो. ज्या शाळेत संगणक आहेत पण जोडणी नाही, तिथे हे एकच काम करून ठेवलं तरी पुष्कळ झालं.

सापडलं ते खरं आहे का

चांगल्या आवाजात, छान चित्रांसह चुकीची माहिती देणारे व्हिडिओ कमी नाहीत. शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नका. वेग दीडपट करा, पण पाहा. जुनं साहित्य ओळखायला काही सोप्या खुणा आहेत. महाराष्ट्रात ३५ जिल्हे सांगितले तर ते पालघर होण्यापूर्वीचं, म्हणजे २०१४ च्या आधीचं. २९ राज्यं म्हटलं तर २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर केंद्रशासित होण्याआधीचं. प्लूटोला नववा ग्रह म्हटलं तर २००६ च्या आधीचं, किंवा करणाऱ्याने डोळे मिटून उतरवलेलं.

नकाशांबाबत जास्त जपा. परदेशी संकेतस्थळांवरच्या नकाशांत भारताच्या उत्तर सीमा वेगळ्या दाखवलेल्या असतात. असा नकाशा वर्गात लावला किंवा पत्रकात छापला तर पुढची उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतात. नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा किंवा पाठ्यपुस्तकातलाच घ्या.

आणखी एक चाचणी: व्हिडिओचा आवाज बंद करून दोन मिनिटं पाहा. पडद्यावर नुसता मजकूर सरकत असेल आणि कोणी तो वाचून दाखवत असेल, तर ते काम फळ्यावर तुम्ही जास्त चांगलं करता. घेण्यासारखं तेच, जे फळ्यावर होत नाही: फिरणारा घन, वाढणारं रोप, हृदयाची झडप, बदलता आलेख.

वाटण्याआधी परवाना बघा

क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे निर्मात्याने वापराची मोकळीक दिल्याचं, चिन्ह असेल तर नाव देऊन वाटता येतं. त्यात 'अव्यावसायिक' अशी अट असेल तर विकायचं नाही, 'बदल नको' अशी अट असेल तर काटछाट करून पुढे द्यायचं नाही. स्टोरीवीव्हरच्या गोष्टी भाषांतर करून वापरायला मोकळ्या आहेत, फक्त मूळ लेखक-चित्रकाराचं नाव ठेवा. गूगलच्या चित्रशोधात साधनांमध्ये जाऊन वापराच्या हक्कांचं फिल्टर लावता येतं. ते न लावता उचललेलं चित्र पत्रकात टाकायची सवय मोडा.

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतींना सूट आहे. पण वर्गापुरती प्रत काढणं वेगळं आणि खाजगी प्रकाशकाचं अख्खं गाइड स्कॅन करून चारशे जणांच्या ग्रुपवर टाकणं वेगळं. बालभारतीच्या पुस्तकांची पीडीएफ ई-बालभारतीवर मोफत आहे. तिथली लिंक द्या, स्वतःच्या चॅनेलचा शिक्का मारून फाइल फिरवू नका. लिंक दिल्याने नवी आवृत्तीही आपोआप मिळते.

नोंद: हेच खरं काम

व्हॉट्सअ‍ॅप ही दारावरची घंटी आहे, कपाट नव्हे. तिथे फक्त 'नवीन आलं' एवढं कळवावं. कपाट म्हणजे गूगल ड्राइव्हवरचं एक फोल्डर आणि त्यासोबत एक शीट. फोल्डरपेक्षा शीट महत्त्वाची, कारण अर्धं साहित्य लिंकच्या रूपात असतं आणि लिंक फोल्डरमध्ये मावत नाही.

शीटमध्ये रकाने एवढेच: इयत्ता, विषय, पाठ, निष्पत्ती क्रमांक, प्रकार, किती मिनिटं, इंटरनेट लागतं का, परवाना, लिंक, आणि शेरा. शेरा रिकामा असेल तर नोंद घ्यायचीच नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. शेरा लिहिणाऱ्याने साहित्य एकदा तरी वर्गात वापरलेलं असावं. 'छान आहे' हा शेरा नव्हे. असा हवा:

'आठवी, धाराविद्युत आणि चुंबकत्व. पेटचं विद्युत परिपथ. ऑफलाइन चालतं. आधी खरा सेल, बल्ब, वायर जोडून घ्या, मग हे. मुलं शॉर्ट सर्किट करून बॅटरी पेटवण्यातच रमतात, त्यांना पाच मिनिटं ते करू द्या आणि मग विचारा की का पेटली. अमीटर जोडणीत मदत लागते. एका फोनवर चारपेक्षा जास्त मुलं नकोत.'

हे वाचून दुसऱ्या शाळेतल्या मॅडम उद्याच तास घेऊ शकतात. लांब व्हिडिओतला तुकडाच कामाचा असेल तर यूट्यूबवर त्या जागी थांबून, शेअर करताना 'या वेळेपासून सुरू' हा पर्याय निवडा. व्हिडिओ बरोबर तिथूनच सुरू होतो आणि सुरुवातीचं 'चॅनेलला सबस्क्राइब करा' टळतं.

फाइलचं नाव: ०६_गणित_अपूर्णांकांवरील क्रिया_सराव. एक अंकी इयत्तेआधी शून्य लावा, नाहीतर दहावी दुसरीच्या आधी येऊन बसते. अंक मराठी की इंग्रजी हे एकदाच ठरवा. मिसळले की क्रम विस्कटतो. 'नवीन', 'फायनल', 'फायनल २' असली नावं आली तर परत पाठवा.

ड्राइव्हची कुरबुर नेहमी परवानगीवरून होते. सगळ्यांना 'संपादक' केलं की कोणीतरी आवराआवर म्हणून फाइल दुसरीकडे ओढतो आणि ती सगळ्यांच्या नजरेआड होते. लिंक असलेल्या प्रत्येकाला 'दर्शक' ठेवा, संपादक दोन किंवा तीनच. पत्रक ज्याला बदलून वापरायचं आहे त्याला स्वतःची प्रत मिळावी म्हणून डॉक्सच्या लिंकच्या शेवटचा संपादनाचा इंग्रजी शब्द काढून तिथे कॉपी हा शब्द इंग्रजीत लिहा. उघडताच 'प्रत बनवा' असं विचारलं जातं, मूळ फाइल सुखरूप राहते. मोफत खात्यात १५ जीबी जागा असते आणि ती जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून आहे. त्यामुळे व्हिडिओ ड्राइव्हवर न भरता यूट्यूबवर 'असूचीबद्ध' ठेवून फक्त लिंक नोंदवा.

बदल्या होतात, निवृत्त्या होतात. फोल्डर ज्याच्या खात्यावर तो तालुका सोडून गेला की वर्षभरात सगळं अनाथ. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल बंद करून मजकूर पुसू शकतं. म्हणून मालकी वेळेवर दुसऱ्याकडे सोपवा आणि वर्षातून एकदा सगळं हार्ड डिस्कवर उतरवून गट साधन केंद्रात ठेवा.

स्वतः केलेलं साहित्य

फॉन्टचा घोळ सर्वात आधी मिटवा. कृतिदेव किंवा श्रीलिपीत केलेली वर्ड फाइल दुसऱ्याच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उघडते, आणि फोनवर तर हमखास. युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांवर आणि फोनवर सारखं वाचता येतं त्या पद्धतीत, टाइप करा. जुन्या प्रश्नपत्रिका परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणल्या तर रफार, 'ऱ्य', जोडाक्षरं आणि अनुस्वार डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच लपतात. छापील कागद असेल तर त्याचा सरळ, सावली नसलेला फोटो ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडा. मराठी मजकूर बराचसा उतरतो, गणिती चिन्हं मात्र हातानेच घालावी लागतात. पीडीएफ छापण्यासाठी आणि संपादन करता येणारी फाइल बदलण्यासाठी, अशा दोन्ही द्या. गणितात आपल्याकडची उदाहरणं घाला. कळमन्यातला संत्र्याचा भाव, सीताबर्डी ते खापरी मेट्रोचं तिकीट. आकडे त्या आठवड्याचे असले की मुलं स्वतःच ताडून बघतात.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला की दाबला जातो आणि पत्रकातली बारीक अक्षरं फुटतात.

मुलांचे चेहरे, नावं, आधार किंवा सरल (शासनाची विद्यार्थी नोंदणी) क्रमांक सामायिक फोल्डरमध्ये जाता कामा नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. उपक्रमाचा फोटो हवाच असेल तर हात आणि वस्तू दिसतील असा घ्या. खरं तर शिकायला उपयोगी तोच पडतो.

जिथे नेट नाही

दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत पंधरा मिनिटं यासाठी मागून घ्या. तीन नवी साहित्यं दाखवायची आणि पेनड्राइव्हवर द्यायची. व्हिडिओ एमपी४, एच.२६४ प्रकारात ठेवा. शाळांतले बरेच टीव्ही एच.२६५ घेत नाहीत, नुसता आवाज येतो किंवा तेही नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर जात नाही, आणि एक्सफॅट केला तर जुना टीव्ही तो ओळखत नाही. मोठ्या फाइलचे तुकडे करणं हाच सोपा मार्ग. सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात लावलेला पेनड्राइव्ह घरी आणून आधी स्कॅन करा. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसू लागले तर ते उघडू नका. दीक्षातून उतरवलेला घटक अ‍ॅपमधूनच फाइल म्हणून दुसऱ्या फोनला देता येतो, त्यासाठी समोरच्या फोनमध्येही दीक्षा हवं.

शीटची साफसफाई जूनमध्ये. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, राज्यात इतरत्र थोडं आधी. त्या मधल्या दिवसांत प्रत्येक इयत्तेच्या एका शिक्षकाने आपल्या ओळींतली लिंक उघडून पाहायची, मेलेली काढायची, बदललेल्या पाठांचं नाव दुरुस्त करायचं. वर्षभरात एकाही शाळेने न वापरलेली ओळ 'जुनं' नावाच्या वेगळ्या पानावर हलवायची, पुसायची नाही, कारण पुढच्या वर्षी कोणीतरी नेमकं तेच मागतं.